खर्जाची तार

नगर शहरांतून दौंडच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे सुमारें नऊ किलोमीटरांवर अरणगांव लागतें. तेथें लोहमार्गाच्या एका अंगास मेहेराबादची जुनी वस्ती आहे आणि दुसऱ्या अंगास एक लहानशी टेकडी. या टेकडीवर मेहेरबाबांची समाधि आहे. पुण्यांतील एका इराणी कुटुंबांत १८९४ सालीं जन्मलेल्या या पुरुषानें १० जुलै १९२५ रोजीं जें मौन धरलें, तें ३१ जानेवारी १९६९ रोजीं देह ठेवीपर्यंत सोडलें नाहीं. प्रथम अक्षरफलकावर बोट फिरवून व १९५४ नंतर केवळ हातवाऱ्यांनीं ते आपलें मनोगत सांगत. अशा पुरुषाच्या अंत्यविधीच्या वेळीं 'बिगिन द बिगीन' हें कोल पोर्टरचें अमेरिकन गाणें तबकडीवरून वाजविलें गेलें, आणि तेंही त्यांच्याच इच्छेनुसार, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. परंतु श्रोतेहो, मला आज त्याहूनही चमत्कारिक अशा एका धाग्याचें टोक आपल्या हातीं द्यावयाचें आहे.

१९७२ सालीं या समाधीच्या दर्शनास एक इंग्रज वादक येऊन गेला. त्याचें नांव पीट टाउनशेंड. 'द हू' या लंडनच्या वाद्यवृंदाचा तो गिटारवादक आणि मुख्य गीतकार. बाबांविषयींची त्याची निष्ठा अर्थातच त्यापूर्वींची. १९६९ च्या 'टॉमी' या ध्वनिमुद्रिकेवर बाबांचा नामनिर्देश आहे, आणि १९७१ च्या 'हूज नेक्स्ट' या ध्वनिमुद्रिकेंतील पहिल्याच गाण्याचें नांव 'बाबा ओरायली' असें आहे. त्यांतील 'बाबा' म्हणजे आपले अरणगांवचे बाबा. चव्वेचाळीस वर्षें न बोललेल्या माणसाचा हा भक्त ज्या वृंदांत वाजवीत होता, त्या वृंदाची १९७६ सालीं लंडनच्या चार्लटन येथें झालेली बैठक गिनेसच्या पुस्तकांत सर्वांत मोठ्या आवाजाची म्हणून नोंदली गेली. बत्तीस मीटरांवर तो आवाज १२६ डेसिबेल भरला होता. भक्ति कोणत्या वाटेनें जाईल याचा नेम नसतो, हेंच खरें.

तथापि आजचा माझा विषय टाउनशेंड नव्हे. रंगमंचावर त्याच्या बाजूस जवळजवळ निश्चल उभा राहून वाजविणारा जॉन एंटव्हिसल, आणि त्याच्या बोटांखालच्या चार जाड तारा, हा माझा विषय आहे. या विषयाकडे मी वळलों तो एका घरगुती कारणानें. माझा भाचा नगरास असतो. तेथील एका चर्चच्या गायनवृंदांत तो बेस गिटार, म्हणजे खर्जाची गिटार, वाजवितो. त्याच्या गिटारीच्या तारा जुन्या होऊन मेल्या होत्या. पुण्याच्या दुकानांत तो गेला तेव्हां दुकानदारानें त्याच्यापुढें दोन पाकिटें टाकलीं. एक फ्लॅटवाउंड, दुसरें राउंडवाउंड. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. मुलाजवळ शिकवण्या करून सांठविलेले पैसे एकाच संचापुरते. त्यानें तेथूनच मला दूरध्वनि केला, "मामा, तुम्ही तंबोरा लावतां, तुम्हांला तारांचें कळतें. कोणती घेऊं?" मीं त्यास चार दिवस थांबावयास सांगितलें. मला तंबोऱ्याच्या तारांचें जें कळतें तें येथें कितपत उपयोगी पडेल याची मलाच शंका होती. आणि त्या चार दिवसांत जें वाचलें, ऐकलें, तेंच मी आज आपणांस सांगत आहें.

प्रथम, तारेवर तार गुंडाळावयाची कशासाठीं? कोणत्याही तारेचा स्वर उतरवावयाचा तर तीन उपाय असतात. तार लांब करावी, ढिली करावी, किंवा जड करावी. लांबीस हाताची मर्यादा आहे. फार ढिली केली तर ती नुसती फडफडते. राहतां राहिलें वजन. परंतु नुसती जाड सळईसारखी तार घेतली तर ती ताठर होते, आणि ताठर तारेंतून निघणारे वरचे उपस्वर मूळ स्वराशीं जमत नाहींत, चढे लागतात, व कानास घंटेसारखा बेसूर नाद येतो. यावर युरोपांतील कारागिरांनीं सतराव्या शतकाच्या मध्यास युक्ति काढली. आंत लवचिक तांत ठेवावयाची आणि तिच्यावर बारीक धातूची तार वेटोळ्यांनीं गुंडाळावयाची. वजन वाढतें, पण ताठरपणा फारसा वाढत नाहीं. लंडनच्या जॉन प्लेफर्ड या प्रकाशकानें १६६४ सालीं अशा तारांची जाहिरात छापलेली आहे. आपल्या तंबोऱ्यास ही युक्ति सहसा लागत नाहीं, कारण त्याची दांडी लांब, आणि खर्जास पितळेची साधी तार पुरते. काळी एक पट्टींत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदास सुमारें ६९ कंपनें पावतो. खर्जाच्या गिटारीची सर्वांत खालची तार ४१ कंपनांवर लावतात, आणि तिची लांबी अवघी ८६ सेंटिमीटर. तेथें गुंडाळल्यावांचून गत्यंतर नाहीं.

मग गुंडाळावयाची ती तार कशी असावी, येथून वादास आरंभ होतो. वेढ्याची तार नेहमींसारखी गोल असेल तर गुंडाळलेल्या तारेवर बारीक बारीक वळ्या उमटतात. नख फिरविलें तर करवतीसारखा खर् असा आवाज निघतो. ही राउंडवाउंड. तीच वेढ्याची तार चेपून फितीसारखी चपटी केली, आणि फितीच्या कडा एकमेकींस भिडवून गुंडाळल्या, तर तार कांचेसारखी गुळगुळीत लागते. ही फ्लॅटवाउंड. गजानें वाजविल्या जाणाऱ्या व्हायोलिनच्या कुळांतील वाद्यांस ही चपटी तारच सोयीची, कारण वळ्यांच्या तारेवर गज नीट चालत नाहीं व त्याचे केस झिजतात.

अमेरिकेंत लिओ फेंडर यानें १९५१ सालीं आपली विजेवर चालणारी खर्जाची गिटार विकावयास काढली. तिचें नांव 'प्रिसिजन'. उभ्या, माणसाहून उंच अशा डबल बेसवर पडदे नसतात. नव्या वाद्यावर पडदे असल्यामुळें स्वर अचूक ठिकाणीं पडतो, म्हणून हें नांव. हें वाद्य हातीं घेणारे बहुतेक लोक त्या उभ्या बेसवरून आलेले, किंवा त्याची जागा भरून काढण्यासाठीं नेमलेले. ऐकणाऱ्यास हवा होता तो जुनाच नाद, जाड, गोल, पाठीमागें राहणारा. फेंडरनें तर तारांवरील धातूच्या झांकणाखालीं स्पंजाची पट्टी बसवून तारेचा झंकार आणखी दाबून टाकण्याची सोय केली होती. अर्थात् पहिलीं दहापंधरा वर्षें या गिटारीवर चपट्या वेढ्याच्या तारांचेंच राज्य होतें. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमर्सन हा या नादाचा मोठा धनी. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीनें तो तारा छेडी, आणि तार तुटल्यावांचून बदलीत नसे, अशी त्याची ख्याति होती. चपटी तार जितकी मुरते तितकी गोड लागते असें तिचे भक्त सांगतात. मला हें ऐकून आमच्या घरच्या जुन्या पितळी भांड्यांची आठवण झाली.

आतां एंटव्हिसलकडे येऊं. १९४४ सालीं लंडनमध्यें जन्मलेला हा मनुष्य लहानपणीं पियानो व पुढें फ्रेंच हॉर्न शिकला होता. खर्जाच्या वाद्यानें पाठीमागें उभें राहून हुंकार देत रहावें, हें त्यास मान्य नव्हतें. १९६५ सालीं 'माय जनरेशन' हें गाणें ध्वनिमुद्रित करण्याचें ठरलें, तेव्हां त्यांत मध्येंच खर्जाच्या गिटारीस एकटीनें बोलावयास जागा ठेवली होती. तसें त्या काळच्या लोकप्रिय गाण्यांत क्वचितच ऐकावयास मिळे. या जागेसाठीं त्यानें डॅनइलेक्ट्रो नांवाची एक स्वस्त अमेरिकन गिटार घेतली, कारण तिच्यावर बारीक, गोल वेढ्याच्या तारा होत्या व त्यांचा आवाज लखलखीत होता. पण त्या तारा नाजुक. वाजवितां वाजवितां एक तुटली. लंडनमध्यें तशी सुटी तार मिळेना. मग त्यानें काय करावें? एका तारेसाठीं नवी गिटार विकत घेतली! तिचीही तार तुटली; पुन्हां एक गिटार. असें दोनतीन वेळां झाल्यावर तो कंटाळला, फेंडरच्या गिटारीवर चपट्या तारा चढवून त्यानें आपला भाग थोडा सोपा करून वाजविला, आणि जगानें ऐकलें तें हें शेवटचें वादन. ही हकीकत तो स्वतः पुढें सांगत असे. म्हणजे ज्या गाण्यानें खर्जाच्या गिटारीस वाचा फुटली असें म्हणतात, तें गाणें निरुपायानें वापरलेल्या जुन्या पद्धतीच्या तारांवरच वाजलेलें आहे. इतिहासांत कारण आणि कार्य यांचा क्रम नेहमींच सरळ असतो असें नाहीं, याचें मला यांत मोठें कौतुक वाटतें.

पण ती टोंचणी त्याच्या मनांत राहिली. इंग्लंडांत जेम्स हाऊ म्हणून एक तारा बनविणारा होता. 'द थर्ड मॅन' या १९४९ च्या चित्रपटांत आंतोन कारास यानें वाजविलेला झिदर ऐकून हाऊ त्या वाद्याच्या नादीं लागला, आणि त्याच्या तारा करतां करतां तारांचा कारखानदार झाला, असें सांगतात. त्याच्या तारांचें नांव रोटोसाउंड. १९६६ सालीं एंटव्हिसल त्याच्याकडे गेला. गोल वेढ्याच्या जाड तारा नीट कंप पावत नाहींत, खालच्या तारा वरच्या तारांच्या मानानें मुक्या वाटतात, ही त्याची तक्रार होती. आंतल्या कण्याची आणि वरच्या वेढ्याची जाडी यांचें प्रमाण बदलून पाहत पाहत अखेर असा संच सिद्ध झाला कीं ज्याच्या चारही तारा सारख्याच तेजानें बोलतील. खालची तार तर पियानोच्या डाव्या बाजूच्या पट्टीसारखी. तेथून पुढें वारें फिरलें. दहाएक वर्षांत गोल वेढ्याची तार हीच नेहमींची व चपटी तार ही विशेष, अशी उलटापालट झाली. 'बाबा ओरायली'च्या पाठीमागें जी खर्जाची गर्जना आहे ती एंटव्हिसलचीच.

याच गाण्याच्या नांवांतील 'रायली' हा दुसरा धागा, व तो मला आपल्या घराकडे घेऊन येतो. टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार; १९६४ सालच्या 'इन सी' या रचनेमुळें तो प्रसिद्धीस आला. १९७० सालीं त्यानें पंडित प्राणनाथ यांचें शिष्यत्व पत्करलें. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खांसाहेबांचे शिष्य, आणि त्याच घराण्याचे अब्दुल करीम खांसाहेब मिरजेंत राहिले व १९३७ सालीं वारल्यावर मिरजेंतच पुरले गेले. म्हणजे एका इंग्रजी गाण्याच्या दोन शब्दांत एक वाट अरणगांवच्या टेकडीवरून येते व दुसरी मिरजेच्या तंबोऱ्यांच्या गल्लीजवळून. शिकलगारांच्या, म्हणजे शस्त्रांस पाणी देणाऱ्यांच्या घराण्यांतून आलेले मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर सर्वश्रुत आहेत; २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें.

आणि येथेंच मला भाच्याच्या प्रश्नाचें उत्तर सांपडूं लागलें. तंबोऱ्याची तार घोडीवर एका टोंकदार कडेवर टेकत नाहीं. घोडीचा माथा रुंद व किंचित् उतरता असतो, आणि तार कांपतांना त्या उतारास क्षणोक्षणीं स्पर्श करिते. तारेखालीं सुताचा एक धागा सरकवून तो स्पर्श नेमका साधला म्हणजे तंबोरा बोलूं लागतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं कांहीं भारतीय तंतुवाद्यांवर निबंध प्रसिद्ध केला. ज्या बिंदूवर तार छेडावी त्या ठिकाणीं ज्या उपस्वरांचा निष्कंप बिंदु असतो, ते उपस्वर नियमाप्रमाणें उमटूं नयेत. तंबोऱ्यांत व वीणेंत ते खुशाल उमटतात, व त्याचें कारण ही रुंद घोडी, असें त्यांनीं दाखविलें. जवारी उघडी ठेवावी कीं बंद, हा गवयांचा जुना वाद. उघड्या जवारींत उपस्वरांचा पाऊस पडतो; बंद जवारींत मूळ स्वर घट्ट व शांत राहतो. मीं एकदां एका कारागिराकडून तंबोऱ्याची जवारी उघडून घेतली. त्यानें ती इतकी उघडली कीं गाणाऱ्याचा आवाज बाजूस राहून तंबोराच मैफल करूं लागला. तें वाद्य पुन्हां दुसऱ्याकडून मिटवून घ्यावें लागलें.

चपटी तार म्हणजे बंद जवारी, गोल तार म्हणजे उघडी जवारी, असें म्हटलें तर शास्त्रदृष्ट्या तें तितकेंसें बरोबर होणार नाहीं. चपट्या तारेंत वरचे उपस्वर घोडीमुळें नव्हे, तर फितीच्या भिडलेल्या कडांच्या घर्षणानें व ताठरपणानें लवकर विझतात. पण कानास होणारा परिणाम त्याच जातीचा आहे, आणि गवयानें जो विचार करावयाचा तोही त्याच जातीचा: आपण कोणाच्या पाठीमागें वाजवीत आहों?

आमच्या जिल्ह्यास हा प्रश्न नवा नाहीं. संगमनेरचा शाहीर अनंत फंदी (१७४४ ते १८१९) ज्या परंपरेंत उभा राहिला, तींत डफाच्या शेजारीं तुणतुणें असे. एक तार, एकच स्वर, आणि तो असा कीं शाहिराच्या शब्दावर कधीं चढूं नये. नगरास १८३१ सालीं अमेरिकन मराठी मिशनचें काम सुरू झालें. प्रारंभीं परकी चालींचीं भाषांतरित गीतें चर्चमध्यें गात. पुढें नगरास राहिलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंगाच्या व भजनाच्या मोडणींत ख्रिस्ती गीतें रचलीं, कीर्तनही उचललें, आणि पेटी, तबला, टाळ यांस देवळांतल्याप्रमाणें चर्चमध्येंही जागा मिळाली. माझा भाचा जेथें वाजवितो तेथें आजही बहुतांशीं तींच भजनें होतात. पेटीच्या खालच्या सप्तकाशेजारीं त्याची गिटार वाजावयाची. तेथें गोल तारेची खरखर, पडद्यांवरून बोट सरकतांना होणारा तो शिटीसारखा आवाज, म्हाताऱ्या मंडळींस खपेल काय? मागच्या वर्षीं एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं तो आवाज 'कुलूप कुरकुरतें तसा' येतो म्हणून तक्रार केली होती, आणि मुलास वृंदांतून वगळण्याची भाषा निघाली होती, हें त्यानें मला शेवटल्या दिवशीं भीतभीत सांगितलें. त्याच्या दृष्टीनें प्रश्न केवळ तारेचा नव्हता.

दुसरीही बाजू आहे. गोल तार स्वस्त. तिचा तजेला थोड्याच आठवड्यांत घामानें व मळानें उतरतो, मग कांहीं वादक ती पाण्यांत उकळून पुन्हां चढवितात. ती पडदे झिजविते. ज्याच्या दांडीवर पडदेच नाहींत त्याच्या लांकडास तर ती खाऊनच टाकते, म्हणून जॅको पॅस्टोरियस या अमेरिकन वादकानें आपल्या बिनपडद्यांच्या दांडीस नावांस लावतात तसल्या राळेचा लेप दिला, पण तार गोलच ठेवली, कारण त्यास गाणाऱ्या माणसासारखा उघडा आवाज हवा होता. उलट 'आयर्न मेडन' या अत्यंत कर्कश समजल्या जाणाऱ्या वृंदाचा स्टीव्ह हॅरिस चपट्या तारा वाजवितो. तेव्हां चपटी म्हणजे सोज्ज्वळ आणि गोल म्हणजे उनाड, असा जो समज दुकानांतून पसरविला जातो तो मला तरी मान्य नाहीं. गोल वेढा देऊन वरून घांसून सपाट केलेली एक मधली तारही मिळते. तिच्याविषयीं मला उत्साह वाटला नाहीं. तडजोडीच्या वस्तूंत बहुधा दोन्हींकडचे दोष येतात. हें माझें मत, श्रोत्यांनीं तें फार मनावर घेऊं नये.

चौथ्या दिवशीं मीं त्यास कळविलें, "चपटी घे. पैसे एकदांच जातील, तार वर्षानुवर्षें टिकेल, आणि ते गृहस्थ गप्प बसतील." त्यानें विचारलें, "आणि कॉलेजच्या संमेलनांत वाजवायचं झालं तर?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. त्यानें चपटी घेतली. नव्या तारांचा ताण अधिक. दांडी किंचित् वांकली, ती एका जाणत्यानें सरळ करून दिली. पुढच्या रविवारीं मी मुद्दाम नगरास गेलों व मागच्या बांकावर बसलों. भजनें झालीं. बाहेर पडतांना त्याच वृद्ध गृहस्थांनीं पेटीवाल्याचा हात धरून म्हटलें, "आज तुमची पेटी फार भरून वाजली हो!" पेटीवाला संकोचानें हंसला. भाच्यानें माझ्याकडे पाहिलें. तो खुष होता कीं खट्टू, तें मला नीट सांगतां येणार नाहीं.

दुपारीं आम्ही दोघे अरणगांवास जाऊन आलों. टेकडीवर वारा होता. परततांना मोटारींत त्यानें 'बाबा ओरायली' लावलें, आणि खर्जाची तार आंत आली त्या क्षणीं आवाज वाढविला. मग गाणें संपेपर्यंत कोणी बोललें नाहीं. नगरची वेस जवळ आल्यावर त्यानें हळूच विचारलें, "मामा, जुनी दुसरी गिटार केवढ्याला पडेल हो?"